नाव नीट विचारून मगच कोरणारं दुकान (रविवार कारंजा, नाशिक)

दुकानाला पाटी आहे, पण पाटीवर दुकानाचं नाव नाही. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत ‘ट्रॉफी, शील्ड, मेडल, नेमप्लेट, रबर स्टॅम्प’ एवढंच. रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला नमस्कार करून मेन रोडकडे निघालात की एक बोळ लागतो. त्या बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून जायचं. जिना अरुंद आहे. हातात ढाल घेऊन उतरताना समोरून कुणी आलं तर एकाला परत वर जावं लागतं.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मी तेवीस वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. एवढ्या काळात शहरातल्या बऱ्याच ट्रॉफीवाल्यांकडून माल घेतला. कप, मेडल, रिबिनी सगळीकडे जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो खाली चिकटवलेल्या दोन इंचांच्या पट्टीत. त्या पट्टीसाठीच हे लिहितेय.

यंदाची ऑर्डर मोठी होती. २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनासाठी ३६ मेडलं, ६ शील्ड आणि सनबोर्डचे १२ फलक. फलकांचा विषय होता ‘नाव एक, माणसं दोन’. एकाच नावाचे खेळाडू, किंवा एक खेळाडू आणि त्याच नावाचा दुसऱ्याच क्षेत्रातला मोठा माणूस. विषय पुस्तकातून सुचला नाही. तो आमच्या मैदानातच होता.

आमच्याकडे दोन वैष्णवी आहेत. आडनाव एक, इयत्ता एक, तुकडी एक. एक ८०० मीटर पळते, दुसरी भाला फेकते. गेल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत दोघी तिसऱ्या आल्या आणि निकालपत्रकात नाव आणि शाळा एवढेच दोन रकाने होते. लिहिणाऱ्याला वाटलं एकच मुलगी दोनदा लिहिली गेली. त्याने एक ओळ खोडली. खोडली ती भालाफेकीची. मुलगी मेडल घ्यायला पुढे आली तर म्हणाले, “तुझं झालं की मघाशी.” मी धावत गेले, बोलले, मेडल मिळालं, प्रमाणपत्र यायला मात्र चार महिने लागले. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि दोन्हीकडे मैदानावर तुम्हाला कुणी पाहिलं हे विचारत नाहीत. कागदावरचं नाव बघतात.

हे मला माझ्या अनुभवावरून माहीत आहे. १९९३ साली राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत मी ८०० मीटरला तिसरी आले. माझं माहेरचं नाव आणि आडनाव असं आहे की मतदारयादीच्या एका पानावर चार सापडतील. दोन महिन्यांनी शाळेत पाकीट आलं, त्यात ‘सहभाग’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र. त्याच स्पर्धेत दुसऱ्या जिल्ह्यातली, माझ्याच नावाआडनावाची मुलगी उतरली होती. तिसऱ्या क्रमांकाचं तिच्या पत्त्यावर गेलं. आमच्या सरांनी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. तिनं काही केलं नव्हतं. पण तेव्हापासून कुठेही नावांची यादी दिसली की मी आधी वडिलांचं नाव लिहिलंय का ते बघते.

आता दुकान.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी नेहमीप्रमाणे यादी काढून काउंटरवर ठेवली. काकांनी (सत्तरीचे असतील, दुकानात सगळे त्यांना काकाच म्हणतात) चष्मा लावून ती वाचली आणि तशीच परत सरकवली. म्हणाले, “मॅडम, ही हजेरी झाली. नावं द्या.” मग खणातून त्यांचा एक कागद काढला. पाच रकाने हातानं आखलेले: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव, आडनाव, गाव, जन्मसाल. “एवढं भरून आणा. नाहीतर मी कोरतो, तुम्ही नेता, आणि पंधरा दिवसांनी कुणाचा तरी बाप जिना चढून येतो.”

पट्टीवर एवढं सगळं मावत नाही, ते मलाही माहीत होतं. त्यावर त्यांची पद्धत अशी: पुढच्या बाजूला नाव, क्रीडाप्रकार, क्रमांक. मेडलच्या पाठीमागे लेझरनं बारीक अक्षरात वडिलांचं नाव, गाव आणि साल. पाठीमागच्या ओळीचे ते वेगळे पैसे घेत नाहीत. मी विचारलं का घेत नाही, तर म्हणाले, “ती ओळ माझ्यासाठी आहे.” पूर्वी एकाच तालमीतल्या एकाच नावाच्या दोन पैलवानांच्या गदा त्यांच्या हातून अदलाबदल झाल्या होत्या, आणि दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. अजून ते सांगताना काका काउंटरवरचा कपडा उगाच घडी करत होते.

कोरण्याआधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचं, हा दुकानाचा नियम. सूनबाई संगणकावर बसतात, त्या वाचतात. आपण समोर उभं राहून ‘हो’ म्हणायचं. छत्तीस नावांना वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत चार चुका सापडल्या, त्यातल्या तीन माझ्या होत्या.

चौथी चूक फॉन्टची होती, आणि ती समजून घेतली पाहिजे, कारण मराठीत ट्रॉफी बनवणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी नडते. आपण मोबाइलवर टाइप करून पाठवतो ते युनिकोड. बऱ्याच दुकानांत कोरायचं काम जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये चालतं. मजकूर एकातून दुसऱ्यात गेला की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘तिसऱ्या’मधला ऱ्या तर हमखास मोडतो. माझ्याकडे दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेली एक जुनी ढाल आहे, तिच्यावर ‘तिसर्‍या’चं काय झालंय ते वाचता येत नाही. इथे सूनबाई आलेला मजकूर चिकटवत नाहीत. प्रत्येक नाव नव्यानं टाइप करतात. वेळ जातो, पण ‘हर्षदा’चा रफार ‘ष’वरच राहतो.

फलकांसाठी मी हस्तलिखित घेऊन गेले होते. मुलांनी दोन महिने खपून जमवलेली माहिती, मी तपासलेली. काकांनी ते वाचायला घेतलं आणि तिथेच दुपार गेली. त्यांना खेळाचं, त्यातही हॉकीचं, फार वेड आहे.

पहिला फलक बलबीर सिंग यांचा. १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी, १९५६ मेलबर्न अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारे ते बलबीर सिंग सीनियर. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारतानं नेदरलँड्सला ६-१ हरवलं आणि सहातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. मुलांना हे माहीत असतं. त्यांना माहीत नव्हतं ते पुढचं: १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकला भारताच्या संघात तीन बलबीर सिंग होते. एकाच संघात, एकाच वेळी. त्या संघानं कांस्यपदक आणलं. कोण कुठला हे कळावं म्हणून एक रेल्वेचा, एक सेनादलाचा, एक पंजाबचा असं म्हटलं जायचं. माझा मजकूर इथे संपत होता. काका म्हणाले, “मॅडम, इथं एक वाक्य घाला. सीनियर हे सीनियर का झाले? पुढे इतके बलबीर आले म्हणून. एकटेच असते तर नुसते बलबीर सिंग राहिले असते.” मी घातलं.

तिथेच प्रश्न निघाला, ‘सिंग’ लिहायचं की ‘सिंह’? मराठीत दोन्ही चालतं. काका म्हणाले एका प्रदर्शनात एकच ठेवा, नाहीतर मुलं दोन वेगळी माणसं समजतील. आम्ही सिंग ठेवलं.

दुसऱ्या फलकानं दुकानातल्या सगळ्यांनाच थांबवलं. अशोक कुमार. शिक्का बनवून घ्यायला आलेले एक वकीलसाहेब पटकन म्हणाले, “दादामुनी!” बरोबरच. पण १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला विश्वचषक हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारत २-१ जिंकला, तो विजयी गोल मारणारेही अशोक कुमारच. चेंडू गोलखांबाच्या कोपऱ्याला लागून बाहेर आला, पाकिस्तानचे खेळाडू गोल नाही म्हणत राहिले, पंचांनी दिला. भारताच्या पुरुष संघानं जिंकलेला तो एकमेव हॉकी विश्वचषक. हे अशोक कुमार म्हणजे मेजर ध्यानचंद यांचे चिरंजीव, ज्यांच्या वाढदिवशी आपण क्रीडा दिन साजरा करतो. आणि गंमत बघा, दोन्हीकडे नाव आणखी गुंतलेलं. नट अशोक कुमार यांचं मूळ नाव कुमुदलाल गांगुली. ध्यानचंद यांचं मूळ नाव ध्यान सिंग. रात्री चांदण्यात सराव करायचे म्हणून ‘चंद’ जोडलं गेलं असं सांगतात. म्हणजे वडिलांना नाव मैदानानं दिलं, आणि मुलाच्या वाट्याला आलेलं नाव लोकांना पडद्यामुळे ओळखीचं झालं. १९७५चा गोल सांगताना काका उभे राहिले होते. त्यांनी तो सामना रेडिओवर ऐकलाय.

नाशिकचा फलक मी मुद्दाम मधोमध लावायचा ठरवला होता. विजेंदर सिंग म्हटलं की सगळ्यांना भिवानीचा मुष्टियोद्धा आठवतो, २००८ बीजिंग, ७५ किलो, कांस्यपदक, भारतीय मुष्टियुद्धाचं पहिलं ऑलिंपिक पदक. पण नाशिकच्या मैदानावर ‘विजेंद्र सर’ म्हटलं तर ते आपले ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत त्यांच्याच हाताखाली घडली. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला तिनं कांस्य जिंकलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १० हजारला रौप्य आणि ५ हजारला कांस्य. सावरपाडा एक्स्प्रेस हे नाव इथल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिला घडवणाऱ्या माणसाचं नाव मात्र इंटरनेटवर शोधलं की मुष्टियोद्ध्याचे फोटो येतात. माझ्या आठवीच्या मुलांनी पहिल्या मसुद्यात हातात ग्लोव्ह्ज घातलेला फोटोच चिकटवला होता, खाली ओळ ‘कविता राऊतचे प्रशिक्षक’. तो मसुदा मी जपून ठेवलाय. हा फलक का करायचा ते मुलांना त्या एका कागदावरून समजलं.

जालंधरचे दोन मनदीप सिंग याच रांगेत. एक हॉकीचा आघाडीचा खेळाडू, टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये कांस्य. दुसरा क्रिकेटचा फलंदाज, २०१६ साली झिंबाब्वेत भारताकडून तीन टी-ट्वेंटी सामने खेळलेला. गावसुद्धा एक! इथे काकांच्या गावाच्या रकान्यानंही काम भागलं नसतं, हे मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, “म्हणून जन्मसाल.” हॉकीवाला १९९५चा, क्रिकेटवाला १९९१चा.

हरमनप्रीतचा फलक मुलींनी केला. हरमनप्रीत सिंग पॅरिस ऑलिंपिकला भारताच्या हॉकी संघाचा कर्णधार, तिथे १० गोल. हरमनप्रीत कौर भारताच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार, नोव्हेंबर २०२५मध्ये नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलणारी. शीख घरांत बरीच नावं मुलाला आणि मुलीला एकच ठेवतात, पुढे सिंग किंवा कौर लागतं. आमच्या मुलींना हे फार आवडलं. एकीनं विचारलं, “मॅडम, आपल्यात असं का नसतं?” आपल्याकडेही किरण, शीतल, सुहास आहेत की, मी म्हटलं.

क्रिकेटपटू संदीप पाटील यांच्यावर फार लिहावं लागलं नाही. सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या पास्कोचा चेंडू डोक्याला लागला, पुढच्याच ॲडलेड कसोटीत १७४. पुढच्या वर्षी मँचेस्टरला इंग्लंडच्या विलिसच्या एका षटकात सहा चौकार. मग १९८३चा विश्वचषक. खाली मोकळी जागा सोडली आणि लिहिलं, ‘तुमच्या ओळखीतले संदीप पाटील इथे लिहा’. दिवसअखेर त्यात एकोणीस माणसं होती. एक आमचे वॉचमन.

काही जोड्या मी नाकारल्या. एका मुलानं ललिता बाबर आणि ललिता पवार आणल्या. एक सातारच्या माण तालुक्यातली, रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठलेली. दुसऱ्या आपल्या येवल्यात जन्मलेल्या अभिनेत्री. मन मोडवत नव्हतं, पण नाव आणि आडनाव दोन्ही जुळलं पाहिजे हा नियम होता. (हरमनप्रीत त्या नियमात बसत नाही हे त्या मुलानं मला लगेच दाखवून दिलं. त्याचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी ललितांचा फलक करणार आहे.) फलकांत मायकल जॉर्डनही होते. शिकागो बुल्सकडून सहा वेळा एनबीए जिंकलेले बास्केटबॉलपटू, मध्ये ‘बी’ लावणारे अभिनेते आणि मध्ये ‘आय’ लावणारे बर्कलीचे संगणकशास्त्रज्ञ. आपल्याकडे मधल्या जागेत वडिलांचं नाव येतं, तिकडे एक अक्षर, काम तेच.

पण सगळ्यात जास्त वेळ मुलं थांबली ती रोनाल्डोच्या फलकासमोर, आणि तो फलक मला सगळ्यात प्रिय आहे. मुलांना एकच रोनाल्डो ठाऊक असतो, पोर्तुगालचा क्रिस्तियानो. त्याच्या आधीचा ब्राझीलचा रोनाल्डो, २००२च्या विश्वचषकात ८ गोल, अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही त्याचेच. पण त्याला सुरुवातीला रोनाल्डो म्हणतच नव्हते. १९९४च्या विश्वचषक संघात तो सतरा वर्षांचा होता आणि संघात आधीच एक मोठा रोनाल्डो होता. पोर्तुगीजमध्ये मोठ्याला ‘आऊं’ लावतात, लहानाला ‘इन्यो’. मोठा झाला रोनाल्डाऊं, धाकटा रोनाल्डिन्यो. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकलाही संघात त्याच्याहून वयानं मोठा रोनाल्डो होता, म्हणून याच्या शर्टावर रोनाल्डिन्यो असंच छापलेलं. मग १९९९च्या सुमारास आणखी एक पोरगा आला, त्याचंही नाव रोनाल्डो. आता जुना धाकटा मोठा झाला, नुसता रोनाल्डो झाला, आणि ‘धाकटा’ हे नाव नव्या पोराकडे गेलं. तोच तो लांब केसांचा, हसऱ्या तोंडाचा रोनाल्डिन्यो. ओळख पटावी म्हणून त्याला रोनाल्डिन्यो गाऊशो म्हणत. गाऊशो म्हणजे ब्राझीलच्या अगदी दक्षिणेकडच्या राज्यातला. म्हणजे आपण ‘निफाडचा’ किंवा ‘पेठकडची’ म्हणतो तसं. काकांनी हे वाचलं आणि सूनबाईंना हाक मारली, “अगं, ऐक, तिकडेसुद्धा गावच लावतात!”

आमच्या वैष्णवींना शाळेत सगळे मोठी आणि छोटी म्हणतात. भाला फेकणारी छोटी; तीन महिन्यांनी लहान, आता उंचीनं मोठीच्या वर गेलेली. तिला हे ‘छोटी’ आवडत नाही, हे मला फलक लावल्यावर कळलं. ती त्या फलकासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “मॅडम, पाचवीत एक नवीन वैष्णवी आलीय.”

छपाईबद्दल सांगते. फलक १८ बाय २४ इंच, ५ मिलिमीटर सनबोर्डवर व्हिनाइल. रंग जसे संगणकावर दिसले तसे आले. अक्षरं पुरेशी मोठी ठेवली, मागच्या मुलाला दिसतील अशी. हा सूनबाईंचा आग्रह, मी अजून मजकूर कोंबत होते. एका फलकावर १९५२चं १९२५ झालं होतं. न्यायला गेले तेव्हाच काकांच्या लक्षात आलं होतं, त्यांनी मी बोलायच्या आत तो बाजूला काढला आणि संध्याकाळपर्यंत नवीन करून दिला, पैसे न घेता. फलक एकाला २१० रुपये, मेडल रिबिनीसकट ४५, शील्ड आकाराप्रमाणे ३५० ते ५००. याहून स्वस्त मिळतं. मेडलमागे दहा रुपये कमी घेणारी दुकानं मला माहीत आहेत.

आता जे बरं नाही ते. गुरुवारचा वायदा होता, माल शनिवारी दुपारी मिळाला. फोन उचलत नाहीत. मशीन चालू असलं की ऐकू येत नाही म्हणतात, पण मग संध्याकाळी तरी उलट फोन करावा. छत्तीसपैकी दोन मेडलांच्या रिबिनीची शिवण पहिल्याच दिवशी उसवली. गाडी लावायला जागा अजिबात नाही. मी सिटीलिंकच्या बसनं जाते किंवा गाडी लांब लावून चालत येते. आणि पावसाळ्यात फलक न्यायचे असतील तर स्वतःचं प्लॅस्टिक घेऊन जा. त्या शनिवारी गोदेला पाणी होतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलेलं. बारा फलक रिक्षात घालून आम्ही पंचवटीतून शाळेत नेले तेव्हा दुकानातून दिलेलं वर्तमानपत्र कधीच भिजून गेलं होतं. व्हिनाइल होतं म्हणून वाचलं. घाई असेल तर इथे येऊ नका, हे स्पष्ट सांगते. आठ दिवस हातात ठेवून या.

बिल करताना काकांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “शाळेचं लिहितोच. आणणाऱ्याचंही लिहितो.” मग थांबून, “माहेरचं का सासरचं?”

हा प्रश्न मला आजवर कुठल्याच दुकानात कुणी विचारला नव्हता. एका नावाची दोन माणसं आम्ही बारा फलकांवर मांडली, पण आपल्याकडे बायकांच्या बाबतीत उलटंही होतं. माणूस एक, नावं दोन. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत नेमबाजीची अंतिम फेरी गाठली तेव्हा त्या अंजली वेदपाठक होत्या. त्या दोन्ही नावांनी सगळ्यांना माहीत आहेत. माझ्याबरोबर पळणाऱ्या मुली कुठे गेल्या, कुठल्या आडनावाखाली, ते मी शोधायचं म्हटलं तरी कुठून सुरू करू?

मी सासरचं सांगितलं, बिल त्यावर झालं. मग पैसे देऊन झाल्यावर काकांचा तो पाच रकान्यांचा कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्यानं भरला. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, जन्मसाल. खाली लिहिलं: ८०० मीटर, तृतीय, १९९३. काकांनी वाचलं, काही विचारलं नाही. सूनबाईंनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मी हो म्हटलं.

पितळी पट्टी, तीन बाय एक इंच, ९० रुपये. शाळेतल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलीय. स्क्रू दुकानातूनच मिळाले.